नवखा 'टाइट एंड' संघात घ्यावा का? अमेरिकेतल्या फँटसी फुटबॉलचं गणित सोप्या भाषेत

सप्टेंबर उजाडायच्या आधी अमेरिकेत ऑफिसात, कॉलेजात, घराघरात एकच चर्चा सुरू होते. यंदा आपल्या फँटसी संघात कोणाला घ्यायचं? नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या आपल्याकडच्या पोरांनाही ऑफिसातले सहकारी हमखास या खेळात ओढतात. मग रात्री गावाकडे फोन करताना पोरगा सांगतो, "आमच्या लीगमध्ये मी एक नवा टाइट एंड घेतलाय." इकडे आई-वडिलांना वाटतं, पोरानं काहीतरी नवीन वस्तू घेतली!

टाइट एंड ही वस्तू नाही, अमेरिकन फुटबॉलमधली खेळाडूची एक जागा आहे. त्या जागेवर पहिल्याच वर्षी खेळणाऱ्या खेळाडूवर भरवसा ठेवायचा की नाही, यावर तिकडे दरवर्षी वाद झडतात. कधी असा खेळाडू सगळ्या टाइट एंडना मागे टाकतो, तर कधी वर्षभर बाकावर बसून राहतो. हे आधी ओळखता येतं का? यूट्यूबवर आणि रील्समध्ये छातीठोक अंदाज सांगणाऱ्यांवर किती विश्वास ठेवायचा? समजून घेऊया.

आधी हा खेळ कोणता?

अमेरिकेत फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. तो लांबट चेंडूचा, अंगावर धावून जाण्याचा खेळ आहे. तिथल्या सर्वात मोठ्या व्यावसायिक स्पर्धेचं नाव एनएफएल. त्यात ३२ संघ आहेत आणि साखळी फेरीत प्रत्येक संघ १७ सामने खेळतो.

मैदानाची लांबी १०० यार्ड. दोन्ही टोकांना टचडाउनची जागा असते, ती वेगळी. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकला की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. १० यार्ड म्हणजे ३० फूट. आपल्याकडे गुंठ्याची एक बाजू ३३ फूट धरतात, म्हणजे साधारण एका गुंठ्याइतकं अंतर. तेवढ्या जागेसाठी दोन्हीकडचे अकरा-अकरा गडी एकमेकांना भिडतात. चेंडू शेवटच्या टोकापलीकडे नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण.

चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. लांब पळत जाऊन चेंडू झेलणारे रिसीव्हर, आणि चेंडू काखेत धरून गर्दीतून घुसणारे रनिंग बॅक.

मग टाइट एंड कोण?

टाइट एंडला दोन कामं करावी लागतात. एक म्हणजे समोरच्या धिप्पाड गड्यांना रेटून अडवणं, म्हणजे आपल्या माणसाला वाट मिळते. दुसरं म्हणजे संधी मिळताच सुटून पळणं आणि चेंडू झेलणं. कबड्डीत चढाईही करणारा आणि पकडही करणारा अष्टपैलू गडी असतो ना, तसंच काहीसं.

अडचण अशी की फँटसीत अडवण्याच्या कामाला एकही गुण मिळत नाही. टाइट एंडनं सामनाभर समोरच्या पहिलवानांना रोखून धरलं, त्याचा संघ जिंकला, प्रशिक्षकानं पाठ थोपटली, तरी फँटसीत त्याच्या नावापुढे शून्यच. गुण मिळतात ते फक्त झेल, यार्ड आणि टचडाउनचे.

फँटसीत गुण कसे मोजतात?

या खेळाची सुरुवात जुनी आहे. ओकलंड रेडर्स संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी १९६२ साली संघाच्या दौऱ्यावर असताना न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात दोन साथीदारांसोबत बसून याचे नियम लिहून काढले. पुढच्या वर्षी मोजक्या लोकांची पहिली लीग सुरू झाली. तेव्हा सगळा हिशेब कागद-पेन्सिलीवर. आता मोबाईलवर आपोआप होतो.

लीगमध्ये साधारण १० किंवा १२ जण असतात. हंगामाआधी सगळे जमून आळीपाळीनं खेळाडू निवडतात. याला ड्राफ्ट म्हणतात. एकानं घेतलेला खेळाडू त्या लीगमध्ये दुसऱ्याला मिळत नाही. आपल्याकडच्या क्रिकेट फँटसीत एकच खेळाडू लाखो लोक आपल्या संघात घेऊ शकतात, तसं इथे नसतं. म्हणूनच कोणाला कोणत्या फेरीत उचलायचं, यावर सगळा खेळ असतो. पहिल्या फेरीत चुकीचा माणूस घेतला, तर तो डाग हंगामभर पुसता येत नाही.

बहुतेक ठिकाणी गुणांची पद्धत अशी असते:

- झेलून मिळवलेल्या दर १० यार्डांना १ गुण
- प्रत्येक टचडाउनला ६ गुण
- बऱ्याच लीगमध्ये प्रत्येक झेलाला आणखी १ गुण

हा शेवटचा नियम नीट लक्षात ठेवा. पुढे तो कामाला येणार आहे.

नवख्याला घ्यायला लोक का कचरतात?

कॉलेजमधून आलेला खेळाडू पहिल्या वर्षी 'रूकी' म्हणजे नवखा असतो. धावणारे आणि झेलणारे नवखे बऱ्याचदा लवकर रुळतात. टाइट एंडला मात्र वेळ लागतो, कारण त्याला दोन खात्यांचं काम शिकायचं असतं. अडवण्याची रचना वेगळी, पळण्याच्या वाटा वेगळ्या. त्यात समोर कॉलेजची पोरं नसतात, तर दहा-दहा वर्षं मुरलेले गडी असतात. अडवण्यात एक चूक झाली की आपलाच क्वार्टरबॅक जमिनीवर आदळतो. म्हणून प्रशिक्षक नवख्याला हळूहळू मैदानात उतरवतात.

ट्रॅव्हिस केल्सीचंच उदाहरण घ्या. गायिका टेलर स्विफ्टशी साखरपुडा झाल्यामुळे आता त्याचं नाव जगभर झालंय. पण २०१३ साली कॅन्सस सिटी चीफ्सनं त्याला घेतलं, त्या पहिल्या वर्षी गुडघ्याच्या दुखण्यामुळे तो जेमतेम एका सामन्यात उतरला आणि त्याच्या नावावर एकही झेल नव्हता. त्याच केल्सीनं पुढे २०१६ ते २०२२ अशी सलग सात वर्षं हजाराहून जास्त यार्ड मिळवले. म्हणजे खेळाडू हिऱ्यासारखा असला, तरी पहिल्या वर्षी फँटसीत त्याचा उपयोग होईलच असं नाही.

दुसरं उदाहरण टी. जे. हॉकन्सनचं. २०१९ मध्ये डेट्रॉइट लायन्सनं त्याला एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये आठव्या क्रमांकावर घेतलं. पहिल्याच सामन्यात त्यानं ६ झेल घेत १३१ यार्ड आणि एक टचडाउन केला. वरच्या पद्धतीनं हिशेब केला तर एका सामन्यात २५.१ गुण! साहजिकच लोक त्याच्यावर तुटून पडले. पण हंगाम संपला तेव्हा त्याचा हिशेब होता ३२ झेल, ३६७ यार्ड, २ टचडाउन, म्हणजे ८०.७ गुण. त्यातले २५ पहिल्याच दिवशी आले होते. पहिला पाऊस बघून सगळी पेरणी उरकणाऱ्याची जी गत होते, तीच त्याला दुसऱ्या आठवड्यात घेणाऱ्यांची झाली.

बॉवर्सनं मग काय केलं?

या सगळ्या भीतीला २०२४ मध्ये ब्रॉक बॉवर्सनं उत्तर दिलं. जॉर्जिया विद्यापीठाकडून खेळताना त्यानं देशातल्या सर्वोत्तम कॉलेज टाइट एंडला मिळणारा जॉन मॅकी पुरस्कार दोनदा पटकावला होता. लास वेगास रेडर्सनं त्याला १३ व्या क्रमांकावर घेतलं. हा तोच रेडर्स संघ, ज्याच्या भागीदारानं फँटसी फुटबॉलचे नियम लिहिले होते. फक्त मधल्या काळात त्याचं गाव बदललं.

तेव्हा शंका घेणारे कमी नव्हते, आणि त्यांची कारणंही खरी होती. रेडर्सनं आदल्याच वर्षी दुसऱ्या फेरीत मायकेल मेयर हा टाइट एंड घेतला होता. एका घरात दोन कारभारी कशाला, असं लोक म्हणत. त्यात क्वार्टरबॅकचा पत्ता नाही. त्या हंगामात तीन वेगवेगळ्या क्वार्टरबॅकनी संघासाठी सामन्यांची सुरुवात केली. संघही कमजोरच. १७ पैकी १३ सामने हरला.

तरीही बॉवर्सनं ११२ झेल घेतले. कोणत्याही जागेवरच्या नवख्या खेळाडूनं एका हंगामात घेतलेल्या झेलांचा हा विक्रम ठरला. यार्ड झाले १,१९४. नवख्या टाइट एंडचा यार्डांचा विक्रम १९६१ पासून शिकागो बेअर्सच्या माइक डिट्काच्या नावावर होता, १,०७६ यार्डांचा. तो ६३ वर्षांनी मोडला. बॉवर्सचे टचडाउन होते ५. झेलांचा हिशेब धरला तर एकूण २६१.४ गुण, आणि त्या वर्षी फँटसीतला पहिल्या क्रमांकाचा टाइट एंड तोच.

कमजोर संघात हे जमलं कसं?

इथेच या खेळातली मेख आहे. बॉवर्स गुणी आहे यात वाद नाही. पण त्याच्याकडे चेंडू किती वेळा आला, ते बघा. हंगामभरात १५३ वेळा त्याच्या दिशेनं चेंडू फेकला गेला. तिकडे याला 'टार्गेट' म्हणतात.

इतके टार्गेट मिळण्यामागे कारणं होती. संघाचा नावाजलेला रिसीव्हर दवांते अ‍ॅडम्स ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क जेट्सकडे गेला. त्याच्या वाटचे चेंडू कोणाकडे तरी जायला हवे होते. शिवाय जो संघ मागे पडतो, त्याला धावून हळूहळू पुढे सरकायला वेळ नसतो, तो चेंडू फेकत सुटतो. म्हणजे संघ हरत होता म्हणूनच बॉवर्सला जास्त संधी मिळाल्या. लोक ज्याला अडचण म्हणत होते, तीच फँटसीवाल्यांच्या पथ्यावर पडली.

म्हणून अंदाज सांगणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा तो हा: 'पोरगा चांगला आहे' हे ठीक, पण त्याच्याकडे चेंडू किती येणार?

काईल पिट्सची गोष्ट वेगळी कशी?

२०२१ मध्ये अटलांटा फाल्कन्सनं काईल पिट्सला थेट चौथ्या क्रमांकावर घेतलं. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये इतक्या वर कोणताही टाइट एंड त्याआधी गेला नव्हता. गाजावाजा प्रचंड झाला आणि फँटसीतही लोकांनी त्याला सुरुवातीच्या फेऱ्यांत उचललं.

पिट्स वाईट खेळला का? अजिबात नाही. त्यानं ६८ झेल घेतले, १,०२६ यार्ड मिळवले. डिट्कानंतर पहिल्याच वर्षी हजार यार्ड ओलांडणारा तो पहिला टाइट एंड. पण टचडाउन हंगामभरात फक्त एक, तोही लंडनमध्ये झालेल्या सामन्यात. एकूण गुण १७६.६. आकडा बरा आहे, पण ज्या भावानं लोकांनी त्याला घेतलं होतं, त्या मानानं कमीच.

पुढच्या वर्षी तर लोकांनी 'आता टचडाउन येणारच' म्हणत त्याला पुन्हा वरच्या भावात घेतलं. तो गुडघ्याला लागून १० सामन्यांतच थांबला. २८ झेल, ३५६ यार्ड, २ टचडाउन. गुण ७५.६.

भाव आणि गुण यांचा मेळ

सॅम लापोर्टाचं उदाहरण याच्या बरोबर उलट. २०२३ मध्ये डेट्रॉइट लायन्सनं त्याला दुसऱ्या फेरीत, ३४ व्या क्रमांकावर घेतलं. फँटसीत तो शेवटच्या फेऱ्यांत, जवळजवळ फुकटात मिळत होता. त्यानं ८६ झेल, ८८९ यार्ड आणि १० टचडाउन केले. गुण २३४.९. त्या वर्षीचा पहिल्या क्रमांकाचा टाइट एंड तोच ठरला.

मग २०२४ साठी लोकांनी त्याला महागात घेतलं. त्या वर्षी झाले ६० झेल, ७२६ यार्ड, ७ टचडाउन. गुण १७४.६. म्हणजे नवखा असताना स्वस्तात घेतलेल्या लापोर्टानं भरभरून दिलं, आणि नाव झाल्यावर महागात घेतलेल्यानं ६० गुण कमी दिले. खेळाडू एकच, फरक पडला तो भावात.

कांद्याचा बाजार ज्यानं पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. गेल्या वर्षी भाव मिळाला म्हणून यंदा सगळ्यांनी कांदाच लावला, की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. गेल्या वर्षीचा आकडा हा गेल्या वर्षीचाच असतो.

टचडाउनच्या बाबतीत हे जास्त खरं. झेल आणि यार्ड हे कामातून येतात, त्यामुळे ते थोडेफार टिकतात. टचडाउन मात्र त्या क्षणी कोण कुठे उभा होता, यावर ठरतो. म्हणून नुसत्या टचडाउनवर उभा असलेला आकडा बघून हुरळून जाऊ नये.

नियम बदलला की किंमतही बदलते

आता तो लक्षात ठेवायला सांगितलेला नियम. प्रत्येक झेलाला एक गुण धरला, तर बॉवर्सचे २६१.४ आणि लापोर्टाचे २३४.९. जवळपास २७ गुणांचा फरक. पण ज्या लीगमध्ये झेलाचा गुण देत नाहीत, तिथे तेच हंगाम मोजून बघा. बॉवर्सचे होतात १४९.४ आणि लापोर्टाचे १४८.९. फरक अर्ध्या गुणाचा!

मैदानावर दोघांनी जे केलं ते तेच आहे. फक्त मोजपट्टी बदलली. म्हणून 'अमुक खेळाडू घ्याच' म्हणणाऱ्यानं कोणत्या नियमाची लीग ते सांगितलं नसेल, तर तो सल्ला अर्धवट समजावा.

अंदाज ऐकण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

१. चेंडू किती येणार? संघात आधीपासून नावाजलेले रिसीव्हर किती आहेत, कोणी सोडून गेलंय का, हे बघा.

२. त्याचं मुख्य काम काय? अडवायलाच उभा करणार असतील, तर फँटसीत उपयोग नाही.

३. क्वार्टरबॅक कोण? चांगला असेल तर उत्तमच. पण बॉवर्सच्या वेळी दिसलं की एवढ्या एका गोष्टीवरून निकाल लावू नये.

४. कोणत्या फेरीत घ्यावा लागतोय? शेवटच्या फेरीत घेतलेला नवखा चालला नाही, तर त्याला सोडून दुसरा घेता येतो. तिसऱ्या फेरीतला फसला तर हंगामच अडतो.

५. आपल्या लीगचे नियम काय? झेलाला गुण आहे का, लीगमध्ये किती जण आहेत? १२ जणांच्या लीगमध्ये दर आठवड्याला किमान १२ टाइट एंड लागतात. पहिल्या दोघा-तिघांनंतर बाकीच्यांत फारसा फरक नसतो. म्हणून एक तर अगदी वरचा घ्यावा, नाही तर वाट बघून स्वस्तातला नवखा घ्यावा, असं अनेक जण करतात.

या पाचपैकी एकाचंही उत्तर न देता कोणी 'हा पोरगा तुमचा हंगाम पालटून टाकेल' म्हणत असेल, तर तो जाहिरात करतोय असं समजा.

आपल्याकडे हे खेळता येतं का?

फँटसी हा शब्द आपल्याकडे क्रिकेटमुळे पोचला. मुंबईत २००८ साली सुरू झालेलं ड्रीम इलेव्हन तर गावागावात, पारावर आणि चहाच्या टपरीवर माहीत झालं होतं. पण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगविषयीचा नवा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची त्यावर सही झाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर या कायद्यानं बंदी आणली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, असा फरक त्यात केलेला नाही. त्यानंतर ड्रीम इलेव्हननंही पैशांच्या स्पर्धा थांबवल्या.

असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद कायद्यात आहे. नुसतं खेळणाऱ्याला शिक्षेची तरतूद नाही. पण परदेशी अ‍ॅप डाउनलोड करा, पैसे भरा, 'पक्की टीम' मिळेल, असं टेलिग्रामवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी सांगत असेल तर सावध राहा. पैसे बुडाले तर दाद मागायची कुठे, हा प्रश्न उरतोच.

पैसे न लावता मित्रांची लीग करून मजेसाठी खेळायला हरकत नाही. वेळेची तयारी मात्र ठेवा. तिकडचे रविवारी दुपारी एकचे सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला आणि नोव्हेंबरपासून साडेअकराला सुरू होतात. सोमवारी पहाटे पाणी धरायचं असेल, तर स्कोअर सकाळी बघितलेला बरा!

थोडक्यात

नवखा टाइट एंड घेऊच नये, असं आता कोणी म्हणू शकत नाही. २०२३ मध्ये लापोर्टानं आणि २०२४ मध्ये बॉवर्सनं ते खोटं ठरवलं. पण दोघांकडे बघून दर वर्षीचा नवखा तसाच निघेल असं मानणंही चूक. केल्सीचं पहिलं वर्ष शून्याचं होतं, हॉकन्सनचा पहिला सामना फसवा निघाला आणि पिट्सच्या गाजावाजाची किंमत लोकांनी दोन वर्षं मोजली. खुद्द बॉवर्सचेही २०२५ च्या हंगामात गुडघ्याच्या दुखापतीमुळे काही सामने हुकले.

त्यामुळे अमेरिकेतल्या तुमच्या पोरानं पुढच्या वेळी फोनवर सांगितलं की त्यानं नवा टाइट एंड घेतलाय, तर त्याला एवढंच विचारा, "कितव्या फेरीत घेतलास, आणि त्याच्याकडे चेंडू किती येणार?" पोरगा दोन मिनिटं गप्प बसेल, एवढं नक्की.